देऊ नये म्हणून लिहिलेलं औषध: हार्ट फेल्युअरच्या उपचारांची उलटसुलट गोष्ट

आजचा भाग हृदयावर आहे, पण प्रेमातल्या हृदयावर नाही. छातीत डाव्या बाजूला धडधडणाऱ्या, मुठीएवढ्या स्नायूवर आहे.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपल्याकडे कुणी अचानक गेलं की लोक म्हणतात, "हार्ट फेल झालं." बोलण्यात ठीक आहे, पण डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात ती गोष्ट वेगळी. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त देणारी नळी बंद पडणं. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे ठोकेच थांबणं. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, फक्त शरीराला पुरेल एवढं काम त्याच्याकडून होत नाही. पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं पडलं की गुदमरतं, मग दोन उशा, तीन उशा, शेवटी खुर्चीत बसूनच झोप. घरात कुणाचा इको झाला असेल तर तुम्ही ऐकलं असेल, "पंपिंग तीस टक्के आलंय." डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. नॉर्मल माणसाचंही शंभर नसतं बरं का, साधारण ५५ ते ७० च्या मधे असतं. त्यामुळे रिपोर्टवर ६० बघून घाबरू नका.

आता विचार करा. तीस टक्के पंपिंगचं, थकलेलं हृदय समोर आहे. त्याला ठोक्याचा जोर आणि वेग कमी करणारं औषध द्यायचं का? कुणीही शहाणा माणूस नाहीच म्हणेल. १९७०, १९८० च्या दशकात वैद्यकीय पुस्तकंही तेच सांगत होती: बीटा ब्लॉकर हे औषध हार्ट फेल्युअरमध्ये देऊ नये. आज तेच औषध न देणाऱ्या डॉक्टरला कारण विचारलं जातं. ही उलटी उडी कशी बसली, आणि तोवर किती वर्षं गेली, ती आजची गोष्ट.

सुरुवात मात्र जरा मागून करावी लागेल.

१७७५ साल, इंग्लंड. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला अंगावर सूज येण्याच्या आजारावरचा एक घरगुती काढा दाखवण्यात आला. श्रॉपशर भागातल्या एका म्हातारीचं ते गुपित होतं, आणि काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्रातला जाणकार. त्याने ओळखलं की यातली कामाची एकच, फॉक्सग्लोव्ह. जांभळ्या घंटेसारखी फुलं येणारं, विषारी झाड. पुढची दहा वर्षं त्याने पेशंटमागून पेशंटच्या नोंदी ठेवल्या, कुणाला फायदा झाला, कुणाला उलट्या झाल्या, कोण दगावलं, सगळं लिहिलं आणि १७८५ मध्ये पुस्तक काढलं. यशाबरोबर अपयशही छापणारा माणूस त्या काळात दुर्मिळ. (इंटरनेटवर तुम्हाला त्या म्हातारीचं 'मदर हटन' असं नाव आणि चित्रही सापडेल. ते विसाव्या शतकातल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आलंय. विदरिंगने तिचं नाव कुठेच दिलेलं नाही.)

त्या झाडाच्या कुळातून पुढे डिजिटॉक्सिन आणि डिगॉक्सिन मिळाली. आणि हे आपल्यासाठी परकं नाही. आपल्या रस्त्याच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर आणि कुंपणावरची पिवळी बिट्टी, या दोन्हीत त्याच जातीची, हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात. म्हणूनच ती जीवघेणी आहेत, आणि त्यांचा कुठलाही घरगुती काढा हा उपाय नव्हे. औषध आणि विष यांतलं अंतर इथे फार थोडं आहे. विदरिंगलाही ते चांगलंच कळलं होतं, डोस हळूहळू आणि जपून वाढवा असं तो पुन्हा पुन्हा लिहितो.

डिजिटॅलिसची कहाणी अजून संपलेली नाही हे जाता जाता सांगतो. १९९७ मध्ये ६,८०० पेशंटवरच्या मोठ्या चाचणीत कळलं की डिगॉक्सिनने हॉस्पिटलच्या वाऱ्या कमी होतात, पण आयुष्य वाढत नाही. मग ते मागे पडलं. आणि २०२५ मध्ये डिजिटॉक्सिनवरची एक युरोपियन चाचणी जाहीर झाली, १,२१२ पेशंट, बाकीची आधुनिक औषधं चालू असताना वर हे दिलेलं. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती, हे दोन्ही मिळून मोजलं तर प्रमाण कमी झालं. अडीचशे वर्षांचं झाड, अजून परीक्षा देतंय.

विदरिंगनंतरची दीडशे वर्षं उपचार म्हणजे मुख्यतः पाणी काढणं. अक्षरशः. १८७७ च्या सुमारास रेजिनाल्ड साउदी या इंग्लिश डॉक्टरने बारीक नळ्या बनवल्या, त्या सुजलेल्या पायांत टोचायच्या आणि पाणी भांड्यात ठिबकत ठेवायचं. मग १९१९ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल नावाचा वैद्यकीय विद्यार्थी एका पेशंटला सिफिलिससाठी पाऱ्याचं इंजेक्शन देत होता. नर्सने लघवी मोजून ठेवली होती आणि आकडे बघून सगळे चाट पडले, लघवी धो धो वाढली होती. झालं, पुढची तीस-पस्तीस वर्षं हार्ट फेल्युअरच्या पेशंटना पाऱ्याची इंजेक्शनं. १९५० च्या दशकाच्या शेवटी थायझाइड गोळ्या आल्या, १९६० च्या दशकात फुरोसेमाइड. आजही घरोघरी जी 'लघवीची गोळी' म्हणतात, ती बहुतेकदा हीच किंवा हिची बहीण. दम कमी करायला हिच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती पूर ओसरवते, धरणाची भिंत दुरुस्त करत नाही.

आणि इथे डॉक्टरांच्या डोक्यातलं चित्र महत्त्वाचं ठरतं. चित्र असं होतं: हृदय हा पंप आहे, पंप कमजोर झालाय, तर त्याला जोर द्या. साधं, सरळ, पटणारं. शरीर स्वतःही तेच करत असतं ना! पंपिंग कमी झालं की शरीर अ‍ॅड्रिनलिनच्या घराण्यातली द्रव्यं सोडतं, ठोके वाढवतं. मूत्रपिंडाला वाटतं की कुठेतरी रक्तस्राव झालाय, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं चालू करतं. शिकारीत जखमी झालेल्या माणसाला ही यंत्रणा वाचवते. दोन तासांसाठी, दोन दिवसांसाठी ती उत्तम. डॉक्टरांचा तर्क असा होता की हृदय बिचारं या अ‍ॅड्रिनलिनच्या आधारावरच तग धरून आहे. बीटा ब्लॉकर नेमकं हृदयावरचं अ‍ॅड्रिनलिनचं बटण झाकतं. मग आधारच काढला तर पेशंट कोसळणार.

ही भीती काही काल्पनिक नव्हती. बीटा ब्लॉकर म्हणजे जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाची देणगी. त्याचं प्रोप्रानोलॉल १९६० च्या दशकात अंजायनासाठी, म्हणजे छातीत दुखण्यासाठी आलं, आणि १९८८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटला पूर्ण डोस दिला तर तो खरंच बिघडायचा. डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून 'देऊ नये'.

आता गोथेनबर्ग, स्वीडन, १९७० च्या दशकाची सुरुवात. फिन वागस्टाइन नावाच्या तरुण डॉक्टरसमोर हार्ट अटॅक आलेली एक बाई. फुप्फुसात पाणी भरलेलं, नाडी भन्नाट वेगात. नेहमीचे उपाय लागू पडेनात. वागस्टाइनला वाटलं, हा वेगच हिला मारतोय. त्याने जपून शिरेतून प्रॅक्टोलॉल हा बीटा ब्लॉकर दिला. नाडी खाली आली, आणि बाईचा श्वास सुधारला. पुस्तकाप्रमाणे उलट व्हायला हवं होतं.

एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. पण वागस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धागा सोडला नाही. हृदयाचा स्नायूच फुगून ढिला झालेले, नाडी सतत जलद असलेले सात पेशंट त्यांनी घेतले, फार लहान डोसपासून सुरुवात केली आणि २ ते १२ महिने औषध चालू ठेवलं. १९७५ मध्ये निष्कर्ष छापले: पेशंट सुधारले. १९७९ मध्ये कार्ल स्वेडबर्ग यांच्यासह या गटाने लॅन्सेटमध्ये २४ पेशंटची तुलना आधीच्या काळातल्या, बीटा ब्लॉकर न मिळालेल्या १३ पेशंटशी केली. तीन वर्षांनी औषधवाल्या गटात निम्म्याच्या आसपास लोक जगले होते, दुसऱ्या गटात दहात एक. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते ती जास्त बोलकी आहे. सुधारलेल्या पेशंटचं औषध थांबवलं, हृदय पुन्हा बिघडायला लागलं. परत सुरू केलं, परत सुधारलं.

तुम्हाला वाटेल, आता जगाने टाळ्या वाजवल्या असतील. छे. सात पेशंट, चोवीस पेशंट, चिठ्ठी टाकून केलेली तुलना नाही, आणि वर प्रॅक्टोलॉलमुळे काहींच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याने ते औषधच बाजारातून गेलं. स्वीडिश गटाला मेटोप्रोलॉलकडे वळावं लागलं. त्यात १९८१ मध्ये न्यूझीलंडहून एक नीट आखलेली चाचणी आली. तिथे दुसरा एक बीटा ब्लॉकर महिनाभर दिला आणि फायदा दिसला नाही, उलट हृदयाचं काम जरा घटलंच. शंका घेणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की मेख त्या 'महिनाभर' शब्दात होती. बीटा ब्लॉकर सुरू केला की पहिले काही आठवडे हृदयाचा जोर थोडा कमीच होतो. खरा बदल दोन-तीन महिन्यांनी दिसू लागतो, फुगलेला कप्पा हळूहळू आक्रसतो आणि पंपिंगचा आकडा वर चढतो. महिन्याच्या आत निकाल लावायचा म्हणजे मृगाचा पाऊस पडल्या पडल्या ज्वारीचं कणीस शोधायला जाण्यासारखं.

दरम्यान चित्र दुसऱ्या बाजूनेही बदलत होतं. अमेरिकेत मायकेल ब्रिस्टो यांनी १९८२ मध्ये दाखवलं की निकामी होत चाललेल्या हृदयावर अ‍ॅड्रिनलिनची बटणं कमी झालेली असतात, जणू हृदय स्वतःच कानात बोळे घालून घेतं. १९८४ मध्ये जे कोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तात नॉरअ‍ॅड्रिनलिन जितकं जास्त, तितका पेशंट लवकर जातो. म्हणजे अ‍ॅड्रिनलिन आधार नव्हता. थकलेल्या बैलाला घाट चढताना पराणी टोचत राहण्यासारखं होतं. टोचलं की चार पावलं पुढे जातो, हे खरं. पण वर पोचत नाही.

याचा सर्वांत कडवट पुरावा १९९१ मध्ये आला. मिलरिनोन नावाचं औषध हृदयाचा जोर वाढवतं, आणि शिरेतून दिलं की पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं. म्हणून त्याच्या गोळीची मोठी चाचणी झाली, गंभीर हार्ट फेल्युअरचे १,०८८ पेशंट. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त होते, आणि जे सर्वांत आजारी होते त्यांच्यात तर ५३ टक्क्यांनी. 'पंपाला जोर द्या' हे पटणारं चित्र माणसं मारत होतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा वेळ पुढे वाचता आलं नाही. प्रत्येक डॉक्टरने चांगल्या हेतूने, पेशंटला बरं वाटावं म्हणूनच गोळी दिली होती.

या चाचणीचे प्रमुख मिल्टन पॅकर. पुढे बीटा ब्लॉकरच्या बाजूने सर्वांत मोठे पुरावे उभे करणाऱ्यांत हेच नाव पुन्हा येतं. १९९६ मध्ये पॅकर यांच्या गटाने कार्व्हेडिलॉलचे अमेरिकेतले निकाल छापले. १,०९४ पेशंट, मृत्यूंत ६५ टक्के घट. आकडा इतका मोठा की लोकांना संशय आला, आणि संशयाला जागाही होती. या चाचण्या मुळात पेशंट किती चालू शकतो हे मोजण्यासाठी आखल्या होत्या, मृत्यू मोजण्यासाठी नव्हे, आणि मृत्यूंची एकूण संख्या लहान होती. अमेरिकन औषध नियामकाच्या सल्लागार समितीने आधी नकार दिला. मान्यता मिळाली ती १९९७ मध्ये. मला विचाराल तर समितीचा आखडता हात समजण्यासारखा होता. मिलरिनोनचा फटका ताजा होता.

मग १९९९ मध्ये एकाच वर्षी दोन मोठ्या चाचण्या. बिसोप्रोलॉलची २,६४७ पेशंटवर, मेटोप्रोलॉलची ३,९९१ पेशंटवर. औषधं वेगळी, गट वेगळे, आणि मृत्यूंतली घट दोन्हीकडे तीच, ३४ टक्के. २००१ मध्ये अतिगंभीर पेशंटवर कार्व्हेडिलॉल, तिथेही ३५ टक्के. वाद संपला. सात पेशंटच्या पहिल्या लेखापासून सव्वीस वर्षं गेली होती.

त्याच काळात संप्रेरकांची दुसरी साखळीही तोडली जात होती. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषावरच्या संशोधनातून कॅप्टोप्रिल घडलं. त्याच जातीचं एनालाप्रिल १९८७ मध्ये नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधल्या २५३ अतिगंभीर पेशंटवर तपासलं. सहा महिन्यांत नुसत्या गोळीवाल्या गटात ४४ टक्के दगावले, एनालाप्रिलवाल्यांत २६. हार्ट फेल्युअरमध्ये औषधाने आयुष्य इतकं ठळकपणे वाढतं हे त्या चाचणीने दाखवलं. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीनेही मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात हे कळलं. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल आणि वल्सार्टनची जोडगोळी आली.

आणि चौथा भिडू आला तो तर भलत्याच दारातून. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं होतं. ते पोटात गेलं की लघवीतून साखर जाते, हे पुढे कळलं. शंभराहून जास्त वर्षांनी त्या धाग्यावरून मधुमेहाच्या गोळ्या बनल्या: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. एका वेगळ्या मधुमेहाच्या औषधाने हृदयाला धोका होतो अशी शंका आल्यामुळे अमेरिकन नियामकाने २००८ मध्ये नियम केला की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा. म्हणजे २०१५ ची एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी अपाय नाही एवढं सांगायला केलेली. निकाल आला: हृदयविकाराने मृत्यू ३८ टक्के कमी, हार्ट फेल्युअरसाठी भरती ३५ टक्के कमी. साखर थोडीशी घटल्याने एवढा फरक पडणं शक्यच नव्हतं. मग २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिन ४,७४४ हार्ट फेल्युअर पेशंटना दिलं, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्याही. हार्ट फेल्युअर बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू हे २६ टक्क्यांनी घटलं, मधुमेह असो वा नसो. २०२१ मध्ये आणखी एक कोडं थोडं सुटलं. काहींचं पंपिंग नॉर्मल असतं, पण हृदय ताठर झाल्याने ते नीट भरतच नाही, आणि दम तेवढाच लागतो. अशांवर आधीची बहुतेक औषधं फोल ठरली होती. एम्पाग्लिफ्लोझिनने तिथेही, ५,९८८ पेशंटवर, २१ टक्के घट दाखवली. ही औषधं हृदयात नेमकं काय करतात यावर मात्र अजून वाद आहे.

म्हणजे आज चार प्रकारची औषधं आहेत. प्रश्न आता त्या पोचण्याचा आहे. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी जिल्ह्यातल्या १,२०५ हार्ट फेल्युअर पेशंटची नोंदणी केली. सरासरी वय ६१. श्रीमंत पाश्चात्त्य देशांत हे वय सत्तरीच्या पुढे असतं, म्हणजे आपली माणसं दशकभर आधी आजारी पडतात. पंपिंग कमी असलेल्यांपैकी घरी जाताना शिफारशीप्रमाणे औषधं मिळालेले साधारण चौथाई. तीन वर्षांत ४४.८ टक्के दगावले. आणि हे केरळमधलं चित्र, जिथली आरोग्यव्यवस्था आपण उदाहरण म्हणून सांगतो.

२०२२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीने साधी गोष्ट तपासली. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली, वारंवार बोलावून नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी केली, तर? सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती १५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के. नवं औषध एकही नाही.

इथे घरातल्या तरुण मंडळींचा संबंध येतो, कारण आजीच्या गोळ्यांचा डबा बऱ्याचदा तुम्हीच भरता. कार्व्हेडिलॉल सहसा ३.१२५ मिलिग्रॅमपासून दिवसातून दोनदा सुरू करतात आणि झेपेल तसा दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत २५ पर्यंत नेतात. पहिल्या आठवड्यांत आजी म्हणते, "या गोळीने मला गळाल्यासारखं होतंय," आणि गोळी बंद होते, किंवा पुढची दोन वर्षं तोच सर्वांत लहान डोस चालू राहतो, कारण परत दाखवायला कुणी नेलेलंच नसतं. तिची तक्रार खोटी नसते, १९८१ मध्ये न्यूझीलंडला तेच तर दिसलं होतं. अशा वेळी डॉक्टरांना फोन करा, वजन आणि नाडी रोज वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ते बहुधा पाणी असतं, लगेच कळवा. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, आणि दम खूप वाढला, चक्कर येऊन पडली, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

पैशाचं म्हणाल तर बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोन पूर्वीपासून स्वस्त. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि त्यानंतर काही दिवसांतच भारतीय कंपन्यांच्या गोळ्या दुकानात आल्या. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी दहाच्या आसपास आली, काहींची त्याहूनही कमी. केमिस्टकडे गेलात तर विचारून बघा, आणि ब्रँड बदलायचा असेल तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना दाखवूनच बदला.